काजूला पानांवाटे खत देताना: मुंबईत राहून गावची बाग सांभाळणाऱ्यांसाठी

मे महिन्यात गावाहून आलेली काजूबी मी भांडुपच्या घरी गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरतो आणि अडकित्ता घेऊन बसतो. हातांना आधी खोबरेल तेल चोळलेलं असतं, कारण टरफलातलं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं आणि ती कातडी सोलवटून जाईपर्यंत आठवडा जातो. एक किलो बी, एकेक करून फोडायची. भरलेला गर एका ताटलीत, सुरकुतलेला दुसऱ्या ताटलीत, डागी तिसऱ्या. पोची बी निघाली तर तिचं टरफलही बाजूला ठेवायचं, मोजायला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत केलेल्या सगळ्या फवारण्यांचा हिशेब मला या तीन ताटल्यांत मिळतो. फवारल्यावर चार दिवसांत पान काळोखं हिरवं झालं म्हणून खूश होणारे पुष्कळ आहेत, मीही तसाच होतो. पण बाजारात पान विकलं जात नाही, गर विकला जातो, म्हणून हा सगळा लेख गराकडे डोळा ठेवून लिहिला आहे.

माझ्यासारखे चाकरमानी डोळ्यांसमोर आहेत. घर मुंबईत, सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत पन्नास-शंभर कलमं, बघायला भाऊ किंवा काका आणि आपण महिन्यातून एखाद्या शनिवारी जाणारे.

पान किती खाऊ शकतं, हे आधी कागदावर मांडा

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पूर्ण वाढलेल्या काजूच्या झाडाला शिफारस आहे वर्षाला १००० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश. युरियाच्या भाषेत १००० ग्रॅम नत्र म्हणजे जवळजवळ २.२ किलो युरिया.

आता फवारणीकडे या. मध्यम झाडाला ८ लिटर द्रावण लागलं असं धरू. २ टक्के युरिया म्हणजे लिटरला २० ग्रॅम, आठ लिटरला १६० ग्रॅम. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे सुमारे ७४ ग्रॅम. सगळंच्या सगळं पानात शिरलं तरी झाडाच्या वर्षाच्या गरजेच्या साडेसात टक्के. आणि सगळं कधीच शिरत नाही, निम्मं-अर्धं ठिबकून जमिनीवर जातं. म्हणजे ऑगस्टमध्ये पावसाचा जोर ओसरल्यावर आळ्यात खत घातलं नसेल, तर फवारणीने ती भूक भागत नाही. कुणी बाटली दाखवून ‘खत घालायची गरजच नाही’ म्हणत असेल तर हे गणित त्याच्यापुढे ठेवा.

जस्ताचं गणित मात्र उलटं येतं. ०.५ टक्के झिंक सल्फेट, आठ लिटरला ४० ग्रॅम. नेहमीच्या झिंक सल्फेटमध्ये जस्त २१ टक्के, म्हणजे ८ ग्रॅमच्या वर जस्त एका फवाऱ्यात पानांवर पोचतं. झाडाची जस्ताची गरजच ग्रॅममधली असल्यामुळे ही मात्रा भरपूर झाली. बोरॉनचं तसंच. शिवाय आपल्या जांभ्या जमिनीत घातलेलं सगळं झाडाला मिळत नाही. आम्लधर्मी माती स्फुरदाला लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधून ठेवते, तर नत्र, पालाश आणि बोरॉन कोकणातल्या तीन हजार मिलिमीटर पावसात धुऊन जातं. किलोने लागणारं मुळांना द्यावं, ग्रॅमने लागणारं पानांना द्यावं, आणि पालाशासारखं एखादं अन्न ऐन गरजेच्या पंधरवड्यात पानांवाटे थोडं वाढवावं, अशी विभागणी मी करतो.

परदेशी वेळापत्रक का चालत नाही

मस्जिद बंदरच्या सुक्या मेव्याच्या पेढ्यांवर जे बदाम, अक्रोड, पिस्ते दिसतात, त्या झाडांवर पानांवाटे खत देण्याचा अनुभव आपल्यापेक्षा खूप जुना आहे. अमेरिकेतल्या पिकॅनला जस्ताची फवारणी ही ठरलेली गोष्ट आहे, कारण जस्त कमी पडलं की पिकॅनची नवी पानं बारीक होऊन झुपक्याने येतात. त्याच झाडाच्या पानांची टोकं उंदराच्या कानासारखी गोल व्हायची, ते निकेलच्या कमतरतेने होतं हे या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं. कॅलिफोर्नियातले बदामवाले बोरॉन फवारतात ते पुष्कळदा काढणी झाल्यावर, शरद ऋतूत. बदामाच्या रसात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, तिच्याबरोबर बोरॉन पानातून कळीपर्यंत चालत जातं. अक्रोडात आणि पिस्त्यात तसं होत नाही, तिथे ते पानाच्या टोकाशीच साठतं.

काजूत बोरॉन पानातून मोहोरात जाईल असं मी धरून चालत नाही. मोहोराला हवं असेल तर मोहोरावरच पडलं पाहिजे, म्हणून बदामाचं वेळापत्रक इंटरनेटवरून उतरवून काजूला लावू नका.

झाडाकडे बघायचं कसं

मोबाइलवर फोटो मागवताना भावाला दोन वेगळे फोटो काढायला सांगा: एक फांदीच्या टोकाच्या नव्या पानांचा, एक खालच्या जुन्या पानांचा. नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाडात फिरतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खूण जुन्या पानावर दिसते. पूर्ण पान फिकट पिवळं असेल तर नत्र, कडा करपल्या असतील तर पालाश, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. जस्त आणि बोरॉन सहजासहजी हलत नाही, त्यांची खूण नव्या पालवीवर. पानं बारीक, अरुंद, पेरं आखूड, टोकाशी झुपका झाला तर जस्ताचा संशय घ्यावा. नवं पान जाड, ठिसूळ, वेडंवाकडं येत असेल आणि शेंडा मरत असेल तर बोरॉनचा. पण शेंडा ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीनेही मरतो. ढेकण्याने रस शोषलेल्या जागी काळपट, लांबट डाग आणि सुकलेला डिंक दिसतो. तो दिसला तर आधी त्याचा बंदोबस्त, मग अन्नाचा विचार.

पान तपासायला द्यायचं असेल तर मोहोर यायला लागताना, पक्व फांदीच्या टोकाकडून चौथं पान घ्यावं, वेगवेगळ्या झाडांची मिळून. आणि हे फवारणीच्या आधी. एकदा जस्त फवारलं की पानावर चिकटलेलं जस्तच प्रयोगशाळेत मोजलं जातं आणि अहवाल खोटा समाधानकारक येतो. माती तपासणी दोन-तीन वर्षांनी पुरे.

पंप, पाणी, मिश्रण

तणनाशक मारलेला पंप काजूवर आणू नये. धुतला तरी नळीत आणि वॉशरमध्ये अंश राहतो आणि कोवळी पालवी गुंडाळते. गावात पंप मागून आणायची रीत असते, म्हणून हे भावाला दोनदा बजावा. खतासाठी वेगळा पंप घ्या आणि त्यावर ऑइलपेंटने ‘खत’ असं लिहून ठेवा.

पाठीवरचा पंप दहा-बारा फुटांपर्यंत नीट पोचतो. त्याहून उंच झाडाला लांब लान्स (टोकाला नोझल असलेली दांडी) किंवा इंजिनवरचा, जास्त दाबाचा एचटीपी पंप लागतो. नोझल बारीक धुक्यासारखं फवारणारं हवं. पान ओलं दिसावं, पण टोकावरून थेंब ओघळू लागले की थांबावं. पानाच्या खालच्या बाजूला रंध्रं जास्त आणि मेणाचा थर पातळ, म्हणून लान्स खालून वर फिरवायला शिकवा. हे एक जमलं तरी खर्चाचं चीज होतं.

कुठलंही खत घालण्याआधी नुसतं पाणी फवारून एका झाडाला किती लिटर लागतं ते मोजा. १५ लिटरच्या पंपात दोन झाडं झाली की तीन, हे कळल्याशिवाय कुठलंही प्रमाण लिहून देण्यात अर्थ नाही.

१ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, हे भिंतीवर लिहून ठेवलं की पुढचं सोपं. १५ लिटरच्या पंपाला २ टक्के युरिया ३०० ग्रॅम, ०.५ टक्के झिंक सल्फेट ७५ ग्रॅम आणि त्याच्या निम्मा, साधारण ३७ ग्रॅम विझवलेला चुना, ०.१ टक्के बोरिक ॲसिड १५ ग्रॅम, ०.५ टक्के ००:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं खत) म्हणजे ७५ ग्रॅम, १ टक्का १३:००:४५ (नत्र-पालाशाचं खत) म्हणजे १५० ग्रॅम.

चुना विसरू नका. झिंक सल्फेटचं नुसतं द्रावण आम्लधर्मी असतं, कोवळं पान भाजतं. झिंक एका बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत कालवून फडक्यातून गाळायचा आणि मग दोन्ही टाकीतल्या पाण्यात ओतायचं. हा खटाटोप नको असेल तर चिलेटेड झिंक लिटरला १ ग्रॅम घ्या, त्याला चुना लागत नाही, पैसे जास्त पडतात. बोरिक ॲसिड गार पाण्यात नीट विरघळत नाही, तांब्याभर कोमट पाण्यात आधी विरघळवावं. बोरॉनचं कमी आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं आहे. ‘जरा जास्त घालू’ हा विचार इथे झाडाला महागात पडतो.

युरिया निमकोटेड मिळतो, त्याचा तेलकट तवंग पाण्यावर येतो आणि नोझलला बसतो, म्हणून गाळून घ्या. युरियात बाययुरेट नावाचं एक द्रव्य राहतं, साध्या युरियात ते १.५ टक्क्यापर्यंत चालतं असा नियम आहे. जमिनीत त्याचा त्रास जाणवत नाही, पानावर मात्र तेच टोकं पिवळी पाडतं. त्यामुळे २ टक्क्यांच्या वर मी जात नाही.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली ती मिश्रणात. दोन फेऱ्या वाचतील म्हणून झिंक सल्फेट आणि ००:५२:३४ एकाच टाकीत घातलं. दुकानदारानेही चालेल म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या झाडाशी पंप धापा टाकायला लागला. नोझल उघडलं तर आत दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा गाळ. जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसले होते, झाडाला दोन्हीतलं काही मिळालं नाही आणि शनिवारची संपूर्ण संध्याकाळ नळ्या धुण्यात गेली. तेव्हापासून कुठलंही मिश्रण आधी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत करून बघतो: लिटरभर पाणी, त्याच प्रमाणात दोन्ही पदार्थ, हलवायचं, अर्धा तास ठेवायचं. गढूळ झालं, तळाशी बसलं, बाटली गरम लागली तर ते एकत्र करायचं नाही. झिंक सल्फेटमधला चुना सोडला तर कॅल्शियमचं कुठलंही खत स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर नको. कीडनाशकाबरोबर मारायचं असेल तरी बाटलीची परीक्षा करा आणि कीडनाशकाच्या लेबलावर काय लिहिलंय ते वाचा. ही बाटली नंतर पाण्यासाठी वापरू नका, तिला भोक पाडून फेका.

केव्हा काय मारायचं

काजूला तारखेने फवारू नये, अवस्थेने फवारावं. एकाच वाडीत उतारावरची झाडं आणि कातळावरची झाडं यांच्यात पंधरा-वीस दिवसांचं अंतर असतं.

पहिली फवारणी पालवीवर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लालसर, लुसलुशीत असताना मारू नका, तेव्हा पान भाजतं. तांबूस रंग उतरून पोपटी झाला आणि पान निम्म्याहून मोठं झालं की २ टक्के युरिया आणि चुन्यासकट झिंक सल्फेट. युरियामुळे जस्त आत शिरायलाही मदत होते. याच पालवीच्या टोकाला पुढे मोहोर येणार असतो, म्हणून ही फवारणी चुकली तर पुढची कितीही चांगली झाली तरी भरपाई होत नाही असं माझं मत आहे.

दुसरी मोहोराची दांडी बाहेर पडून कळ्या मिटलेल्या असताना: बोरिक ॲसिड ०.१ टक्के आणि ००:५२:३४ अर्धा टक्का. काजूच्या एका मोहोरात नुसती नरफुलंही असतात आणि नर-मादी एकत्र असलेली फुलंही, आणि बी धरते ती या दुसऱ्या फुलांतल्या थोड्यांचीच. परागकण रुजून त्याची नळी आत जायला बोरॉन लागतं, म्हणून ते फुलं उमलण्याआधीच पोचलेलं हवं. मोहोर भर फुलात असताना सकाळी फवारू नका. परागकण धुऊन जातात आणि मधमाश्या, माश्या, मुंग्या त्या वेळी फुलांवर काम करत असतात. ढेकण्यासाठी फुलोऱ्यात औषध मारावंच लागलं तर संध्याकाळी.

तिसरी बी वाटाण्याएवढी झाल्यावर, १३:००:४५ एक टक्का. हीच पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. इथे काजूची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. बी आधी वाढते, बोंडू (बीला जोडलेलं रसाळ फळ) नंतर. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत सुमारे दोन महिने. पहिल्या चार-पाच आठवड्यांत हिरवी मऊ बी पूर्ण आकाराला येते, मग टरफल कडक होतं, आत गर भरतो आणि शेवटच्या पंधरवड्यात बोंडू फुगतो. बोंडू लाल-पिवळा दिसायला लागल्यावर पालाश मारणं म्हणजे जेवण उरकल्यावर पान वाढणं. साखर पानातून बीपर्यंत नेण्याच्या कामात पालाश लागतं, ते टरफल कडक होण्याआधी झाडाच्या हाती असू द्या.

मोहोर दोन-तीन महिने येत राहतो, त्यामुळे एकाच झाडावर कळी, फूल आणि तयार बी एकत्र दिसते. जास्तीत जास्त मोहोर ज्या अवस्थेत आहे ती धरा.

मुंबईत बसून वेळ साधणं

दर रविवारी भाऊ मला ठरलेल्या पाच झाडांचे फोटो पाठवतो, मोहोराशेजारी एक रुपयाचं नाणं धरून. नाण्यामुळे बीचा आकार फोटोतूनही नेमका कळतो. त्यावरून शुक्रवारची रात्रीची कोकणकन्या पकडायची की दादरहून तुतारी, की अजून आठवडा थांबायचं, ते ठरतं.

झिंक सल्फेट आणि बोरिक ॲसिड मी मुंबईतच छोट्या डिजिटल काट्यावर मोजून, एका पंपाचं एक पाकीट असं बांधून, वर नाव लिहून नेतो. काटा स्वयंपाकघरातला नाही, वेगळा. १३:००:४५ मात्र गाडीतून नेऊ नका. ते पोटॅशियम नायट्रेट आहे, आगीला बळ देणारा पदार्थ. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातूनच घ्या.

जानेवारीत सकाळी फोन येतो, “दादा, सकाळपासून धुकां आसा, फवारणी करू काय?” माझं उत्तर ठरलेलं, “थांब, पानां सुकांदेत.” दंवाने ओलं झालेलं पान फवारलं की द्रावण पातळ होऊन ओघळतं. उन्हाच्या तडाख्यात मारलं की थेंब लगेच सुकतो, क्षार पानावर राहतो आणि डाग पडतो. चार वाजल्यानंतर, वारा पडल्यावर केलेली फवारणी मला सगळ्यांत पटते. थेंब सावकाश वाळतो आणि रात्रीच्या दंवाने उरलेला क्षार पुन्हा ओला होऊन आणखी थोडा आत जातो. मळभ असेल, अवकाळीचा अंदाज असेल तर पुढे ढकला. फवारणाऱ्याला हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडकं द्या, नुसतं खत असलं तरी.

गरात काय फरक पडला, ते मोजणं

सहा झाडं निवडा: एकच जात, एकच वय, शेजारची जमीन. तिघांना फवारणी, तिघांना नुसतं पाणी, आणि खोडावर दोन रंगांचे पट्टे. नाहीतर चांगलं वर्ष आलं की श्रेय बाटलीला जातं. भावाला हे पटायला वेळ लागतो, “तीन झाडां उपाशी कित्याक?” असं तो विचारतो. जमिनीतलं खत सहाही झाडांना मिळतंय हे त्याला समजावून सांगा.

बी खाली पडल्यावरच गोळा करायची. कच्चा बोंडू पिळून काढलेल्या बीतला गर सुरकुततो आणि मग फवारणी वाया गेली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, दोन गटांची बी वेगळ्या पिशव्यांत भरा.

आता गॅलरीतलं काम. आधी एका किलोत किती बिया बसतात ते मोजा. मग फोडून सालीसकट चांगला गर वजन करा. किलोमागे २८० ग्रॅम निघाला तर उतारा २८ टक्के. व्यापारी हेच ८० किलोच्या पोत्यामागे पौंडांत बोलतात: २८० ला ८० ने गुणा, ४५४ ने भागा, साधारण ४९ पौंड. पोचे आणि सुरकुतलेले गर शेकडा किती, ते वेगळं लिहा. माझ्या मते फवारणीचा खरा परिणाम इथेच सापडतो.

शेवटी १०० अख्खे गर सोलून वजन करा. बाजारातल्या प्रतीचा आकडा म्हणजे एका पौंडात बसणारे गर: डब्ल्यू-३२० मध्ये गर सुमारे १.४ ग्रॅमचा, डब्ल्यू-२४० मध्ये १.९ ग्रॅमचा, डब्ल्यू-१८० मध्ये २.५ ग्रॅमचा. म्हणजे एका प्रतीतून दुसरीत जायला अर्धा ग्रॅमही पुरतो. पण आकाराची चौकट जात ठरवते. वेंगुर्ला-४ ची बी ७.७ ग्रॅमच्या आसपास, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमच्या. कितीही फवारलं तरी चारची सात होणार नाही. चारची प्रत्येक बी तिच्या पुऱ्या वजनाला पोचली, एवढंच फवारणीकडून मागावं.

माझ्या कातळावरच्या झाडांत जस्ताचा फरक दुसऱ्या वर्षी काट्यावर दिसला, पोची बी कमी झाली. नदीकाठच्या गाळाच्या तुकड्यात दोन्ही गट सारखे निघाले, तिथली फवारणी मी बंद केली आणि ते पैसे शेणखताला लावले. तुमच्याकडे उलटंही निघेल. वहीत झाडाचा नंबर, फवारणीची तारीख, मोहोराची अवस्था आणि उतारा एका ओळीत लिहा, आणि पिशव्यांवर पट्ट्याचा रंग लिहायला विसरू नका, कारण एसटीच्या टपावरून मुंबईत आल्यावर सगळी बी सारखीच दिसते.